मौसमग्राम वापरून बघितलं, वाळवणवाल्यांनी एकदा वाचाच

मौसमग्राम म्हणजे सरकारी हवामान विभागाचं गावागावाचा अंदाज देणारं फुकट पान. आधी मी हे कशासाठी वापरते ते सांगते. बडोद्याला दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे, वर मोठी गच्ची, आणि मी नि माझ्या जाऊबाई मिळून उन्हाळ्यात ऑर्डरवर कुरडया, पापड, सांडगे, साबुदाण्याच्या चिकवड्या करून देतो. इथल्या मराठी घरांत तर जातंच, पण आता गुजराती बेनपण मागतात, पुण्या-मुंबईला लेकीकडे पार्सल पाठवणारेही आहेत. म्हणजे आमचा सगळा धंदा उन्हावर. ऊन असलं तर आम्ही आहोत.

गेल्या वर्षी मेच्या सुरुवातीला, २०२५ ची गोष्ट, वीस किलो गव्हाची ऑर्डर होती. ज्यांनी कुरडया केल्यात त्यांना माहीत आहे की हे एका दिवसाचं काम नाही, गहू तीन दिवस भिजत ठेवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, तो रात्रभर खाली बसू द्यायचा, सकाळी वरचं पाणी काढून चीक शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून घालायचा. म्हणजे गहू भिजवतानाच चार-पाच दिवसांनंतरच्या उन्हाचा विचार करावा लागतो, एकदा भिजवले की माघार नाही. तेव्हा माझ्या फोनमध्ये एक खासगी अॅप होतं, नाव घेत नाही, त्यात आठवडाभर पिवळा गोल सूर्य दिसत होता. त्या भरवशावर गहू भिजवले, कुरडया घातल्या, आणि दुपारी चारला धुळीचं वादळ आणि मागोमाग अवकाळी पाऊस. दोघींनी धावत धावत जेवढं उचलता आलं तेवढं उचललं पण ओल्या कुरडयांचा गोळाच होतो हो, आणि जे वाचलं ते दोन दिवस दमट हवेत काळपट पडलं, आंबूस वास यायला लागला. सगळं टाकून दिलं. जाऊबाई जिन्यात बसून रडल्या, मी त्यांना काय समजावणार, माझेच हात थरथरत होते.

त्यानंतर माझ्या भाच्याने (तो पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहे) मला मौसमग्राम दाखवलं. भारतीय हवामान विभागाचं आहे, २०२४ च्या जानेवारीत सुरू झालं, मोबाईलच्या ब्राऊझरमध्येच उघडतं. आपला पिन कोड टाकायचा, आमचा ३९०००१, किंवा राज्य, जिल्हा, तालुका, गाव असं निवडायचं. पहिले ३६ तास तासातासाचा अंदाज मिळतो, त्यापुढे पाच दिवसांपर्यंत तीन-तीन तासांचा, आणि दहा दिवसांपर्यंत सहा-सहा तासांचा. पाऊस, तापमान, दमटपणा, वारा, ढग, सगळ्याचे आलेख.

आता माझ्या कामासाठी हे किती नेमकं आहे बघा. गहू भिजवणं ते कुरडई वाळणं एवढी माझी मुदत पाच-सहा दिवसांची, आणि तीन तासांचा अंदाजही पाच दिवसांपर्यंतचाच. शिवाय नुसता पाऊस बघून वाळवणवाल्याचं भागत नाही. पाऊस नसला तरी दमटपणा सत्तरच्या वर असेल तर कुरडई वरून वाळते नि आतून ओली राहते, आणि वारा फार असेल तर धूळ बसते म्हणून सुती साड्या वर घालाव्या लागतात. पिवळ्या सूर्याच्या चित्रात यातलं काही कळत नाही, इथे कळतं. मी आता गहू भिजवायच्या आधी पाचव्या दिवसाचा दमटपणा बघते, मग रोज सकाळी परत बघते की आकडे तेच आहेत का बदलतायत. रोज थोडे थोडे बदलत असतील तर मी चीक काढते पण घालायचं प्रमाण निम्मं ठेवते. ही माझी पद्धत आहे, दिवाळीनंतर, ऑक्टोबरच्या शेवटी गुजरातेत जो अवकाळी झाला तेव्हा याच पद्धतीने सांडग्याची एक ऑर्डर पुढे ढकलली नि माल वाचला.

मग मला प्रश्न पडला की हे फुकट कसं काय देतात, कारण जाहिरात नाही, पैसे नाहीत. भाच्याला विचारलं आणि मग मी स्वतःच वाचत सुटले, आणि खरं सांगते, वाचून छाती भरून आली.

हा अंदाज कोणी आकाशाकडे बघून सांगत नाही. सगळ्या पृथ्वीवर चौकटी आखतात, प्रत्येक चौकटीत हवेचा दाब, वारा, तापमान, ओलावा भरतात, आणि मग हवेच्या गणितावरून कॉम्प्युटर पुढची स्थिती काढत जातो, पाच-दहा मिनिटांच्या छोट्या छोट्या पायऱ्यांनी, दहा दिवसांपर्यंत. आकडे येतात उपग्रहांकडून (आपला इन्सॅट-३डीएस २०२४ च्या फेब्रुवारीत गेला, त्याचा सगळा खर्च पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने केला), रडारकडून, विमानं-जहाजांकडून, आणि पहाटे साडेपाच नि संध्याकाळी साडेपाचच्या वेळेला हवेत सोडलेल्या फुग्यांकडून. पहाटे मी चिकाचं पाणी ओतत असते तेव्हा कुठेतरी कोणी फुगा सोडत असतं, हे मला आता रोज आठवतं.

चौकट जेवढी लहान तेवढा अंदाज आपल्या घराजवळ येतो. आधी आपल्याकडे १२ किलोमीटरची चौकट होती. बारा किलोमीटर म्हणजे अख्खं बडोदं एक-दोन चौकटींत गेलं, निझामपुरा काय नि मांजलपूर काय, सगळ्यांना एकच आकडा. २६ मे २०२५ ला भारत फोरकास्ट सिस्टम हवामान विभागाच्या वापरात आली, ती ६ किलोमीटरची, पुण्याच्या आयआयटीएमने म्हणजे उष्णकटिबंधीय हवामान संस्थेने बनवलेली. युरोपच्या मोठ्या केंद्राची जागतिक चौकट ९ किलोमीटरची आहे, यावरून अंदाज करा. वाचायला वाटतं की बाराचे सहा केले त्यात काय, पण चौकट निम्मी केली की एकीच्या जागी चार चौकटी होतात, आणि वेळेची पायरीपण निम्मी करावी लागते नाहीतर गणित फिसकटतं, म्हणजे काम आठपट. ते आठपट काम करायला यंत्र पाहिजे.

ते यंत्र म्हणजे अर्क. पुण्याला आयआयटीएममध्ये आहे, ११.७७ पेटाफ्लॉप्सचं, म्हणजे सेकंदाला अकरा हजार सातशे सत्तर लाख कोटी गणितं. त्याचं भावंड अरुणिका नोएडाला, ८.२४ पेटाफ्लॉप्सचं. दोन्ही २६ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाली, खर्च ८५० कोटी. अर्क म्हणजे सूर्य. ज्याच्या जिवावर माझी चूल चालते त्याचंच नाव दिलंय, मला फार आवडलं. याच्या आधी २०१८ पासून प्रत्यूष होता, त्याला मॉडेल चालवायला दहा-दहा तास लागायचे, अर्क ते चार तासांत करतो. सहा तास लवकर अंदाज म्हणजे काय हे मला विचारा.

आणि मागचा इतिहास आपल्या मराठी माणसांनी तर मुलांना सांगायला हवा. १९८० च्या दशकात हवामानासाठी सुपरकॉम्प्युटर अमेरिकेकडून आणायचा होता तर हवा तो मोठा मिळाला नाही, निर्यातीचे निर्बंध, शेवटी क्रे कंपनीचं लहान मशीन दिल्लीला आलं. आणि १९८८ ला सरकारने पुण्यात सी-डॅक ही कॉम्प्युटरची संस्था काढली, डॉ. विजय भटकरांच्या हाताखाली १९९१ मध्ये परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर तयार झाला. अर्क काही सगळा इथे घडलेला नाही, पण त्यावर चालणारी भारत फोरकास्ट आपल्या लोकांनी लिहिलीय आणि तशी माणसं तयार व्हायला इतकी वर्षं लागली. २०१५ ला नॅशनल सुपरकॉम्प्युटिंग मिशनला साडेचार हजार कोटी मंजूर झाले, २०२४ च्या सप्टेंबरात हवामानाच्या अंदाजासाठीच्या मिशन मौसमला दोन वर्षांसाठी दोन हजार कोटी. दोन हजार कोटी ऐकून आमच्या ओट्यावरचे एक काका म्हणाले, एवढे पैसे ढगांवर? मी हिशोब करून दाखवला, एकशेचाळीस कोटी लोकांत माणशी चौदा-पंधरा रुपये. माझी एक कुरडयांची खेप गेली तेव्हा हजारो रुपये गेले, आणि मी तर घरगुती काम करणारी, शेतकऱ्याचं काय जात असेल.

माझं माहेर धुळ्याकडे, भावाची कोरडवाहू शेती आहे. २०२५ च्या खरिपात केंद्राच्या कृषी मंत्रालयाने एआय वापरून पाऊस कधी लागेल याचे मेसेज ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना पाठवले, तेरा राज्यांत, पाच भाषांत, त्यात मराठीही होती. त्या वर्षी मान्सून केरळात २४ मेलाच आला आणि मग मध्येच अडकून बसला, लवकर आला म्हणून ज्यांनी घाई केली त्यांच्यावर दुबार पेरणीची वेळ. मेसेजमध्ये हा खंड पडणार असं आधीच होतं. भाऊ थांबला. एवढंच सांगते, त्याचं बियाणं वाचलं.

आता कुठे कमी पडतं तेही लिहिते. सहा किलोमीटरची चौकट म्हणजे तुमची गल्ली नाही. उन्हाळ्यात दुपारी उठणारा गडगडाटी ढग कधी कधी चौकटीपेक्षाही लहान असतो, तो नेमका दांडिया बाजारावर फुटेल का वाघोडिया रोडवर हे चार दिवस आधी कोणतंच यंत्र सांगणार नाही, त्यामुळे पावसाच्या शक्यतेची टक्केवारी समजून घ्यायला शिका. ती येते कुठून, तर सुरुवातीचे आकडे जरा जरा बदलून मॉडेल परत परत चालवतात, २०१८ पासून आपल्याकडे २१ वेळा चालवायची पद्धत आहे, आणि त्यातल्या कितींमध्ये पाऊस पडला ते बघतात. वीस टक्के म्हणजे पाऊस नाही असं नव्हे. माझ्यासारखीने वीस टक्क्यालाही ताडपत्री जिन्यात आणून ठेवावी. घालायच्या दिवशी हवामान विभागाच्याच मौसम अॅपवर पुढच्या दोन-तीन तासांचा इशारा बघायचा, आणि विजेसाठी दामिनी, तेपण आयआयटीएमचंच, आसपासच्या वीस ते चाळीस किलोमीटरमधली वीज दाखवतं. पत्र्याच्या शेडखाली किंवा उघड्या गच्चीवर काम करणाऱ्या बायकांच्या फोनमध्ये ते असलंच पाहिजे, यात चर्चा नको.

बडोद्याच्या लोकांना एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. पूर बघायचा असेल तर आपला पिन कोड टाकून उपयोग नाही. विश्वामित्री पावागढहून निघते, तिकडचं पाणी आजवा सरोवरात येतं, आणि आजवातून नदीत. ऑगस्ट २०२४ ला जे झालं ते कोण विसरेल, पाऊस शहरात थांबला तरी नदी चढतच होती, पस्तीस फुटांच्या वर गेली, समा भागात माझ्या चुलत नणंदेच्या घरात छातीएवढं पाणी, मगरी सोसायटीत. त्या पावसाची ती प्रणाली पुढे कच्छवरून समुद्रात जाऊन अस्ना चक्रीवादळ झाली. तेव्हापासून मी पावसाळ्यात मौसमग्रामवर दोन ठिकाणं बघते, एक आमचं घर आणि दुसरं हालोल. हालोल-पावागढला दोन दिवस सलग जोराचा पाऊस दिसला की नणंदेला फोन करते, गाडी वर काढा, फ्रीजखाली विटा ठेवा, औषधं नि कागदपत्रं माळ्यावर. गेल्या पावसाळ्यात दोनदा केला. एकदा काहीच झालं नाही, पण त्या चिडल्या नाहीत.

माझी मागणी आता इथून पुढची आहे. पाऊस किती मिलिमीटर हे कळतं, पण त्याने आमच्या बडोद्याच्या काळा घोड्याजवळ नदी किती फूट होईल हे मला त्याच पानावर, मराठी-गुजरातीत, वाचता आलं पाहिजे. गणित तेच आहे, फक्त आकाशातून जमिनीवर आणायचं, नदीच्या पात्राची मापं घालायची, आणि त्यालाही मोठं यंत्र नि शिकलेली मुलं लागणार, म्हणून हे पैसे दोन वर्षांपुरते देऊन थांबवू नयेत. प्रत्यूष २०१८ चा, सहा वर्षांत त्याच्या जागी नवा आणावा लागला, अर्कही म्हातारा होणारच. जास्त रडार हवेत, चांगले तरुण शास्त्रज्ञ पगारासाठी परदेशी जाऊ नयेत, आणि शाळा-शाळांत पर्जन्यमापक बसवले तर मॉडेल बरोबर होतं का चुकतं हे तरी गावागावात तपासता येईल. आमच्या घरच्या गच्चीवर एक बसवायला देत असाल तर मी रोज सकाळी आकडा लिहून देईन, सुट्टी न घेता.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा नदीच्या फुटांसाठी राखून ठेवलाय.

उद्याचं सांगायचं तर, पंधरा किलोची ऑर्डर आहे. आत्ता बघितलं, पाचव्या दिवशी दुपारी ३८ अंश, दमटपणा पंचवीसच्या आत, वारा मंद. जाऊबाईंना खाली हाक मारून सांगितलं, गहू निवडायला घ्या.