डेप्थची स्क्रीन एक नंबर, पण ऑर्डर टाकताना बिड-आस्क दिसतच नाही

आठ महिने झाले हे ट्रेडिंग ॲप वापरतोय. चार्ट छान, लॉगिन पटकन होतं, त्यावर बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय. मला बोलायचंय ते भाव दाखवायच्या पद्धतीवर, कारण पैसे तिथेच जातात.

शेअर उघडला की मोठ्या अक्षरात एकच आकडा दिसतो, एलटीपी. म्हणजे शेवटचा सौदा ज्या भावाला झाला तो, झाला आणि संपला, त्या भावाला आता कुणी द्यायला बसलंय असं नाही. आत्ता घ्यायचं असेल तर आस्क बघायचा, विकणाऱ्यांपैकी सगळ्यात कमी मागतोय त्याचा भाव. विकायचं असेल तर बिड, म्हणजे घेणाऱ्यांपैकी सगळ्यात जास्त देतोय त्याचा. मधलं अंतर म्हणजे स्प्रेड.

आता माझंच झालेलं सांगतो. एक कमी व्हॉल्यूमचा शेअर, एलटीपी २४८. मी २०० शेअरची मार्केट ऑर्डर टाकली, म्हणजे समोर जो भाव मिळेल त्याला घे, आणि ॲव्हरेज आला २५१.८६! वाटलं ॲपने गडबड केली, म्हणून नंतर हिशोब लावत बसलो. बिड होता २४५.५०, आस्क २५१, पण २५१ ला होते फक्त ६० शेअर, पुढचे ९० लागले २५१.८० ला आणि उरलेले ५० थेट २५३ ला. म्हणजे एलटीपी धरून जे डोक्यात होतं त्यापेक्षा ७७२ जास्त गेले, आणि त्याच क्षणी बिडला परत विकायला गेलो असतो तर १२७२ चा खड्डा, शेअरचा भाव न हलता, ब्रोकरेज वेगळंच. ॲपचं गणित बरोबरच होतं. पण ऑर्डरच्या खिडकीत हे आकडे कुठेच नव्हते, वर नुसतं २४८ लिहिलेलं, आणि मार्केट हा ऑप्शन आधीच सिलेक्ट केलेला. हे मला अजिबात पटत नाही, नवीन माणूस तर हमखास फसणार.

डेप्थची स्क्रीन मात्र खरंच सुंदर केलीय. पाच बिड, पाच आस्क, प्रत्येकासमोर क्वांटिटी आणि किती ऑर्डर आहेत ते, आणि अपडेट पण झटकन होतं. मोठ्या शेअरमध्ये बिड-आस्कमध्ये जेमतेम एका टिकचा, म्हणजे भावाच्या सगळ्यात लहान पायरीचा, फरक असतो, तिथे मार्केट ऑर्डरने फार बिघडत नाही. पण बाजार उघडल्यावरची पहिली काही मिनिटं बघा किंवा एखादी मोठी बातमी आली की बघा, दोन्ही बाजूंनी भाव देणारे लोक रिस्क नको म्हणून मागे सरकतात आणि स्प्रेड डोळ्यासमोर फाकत जातो. हे एकदा स्वतः बघाच.

खाली एक पट्टी आहे, बायर ७०% सेलर ३०% असं दाखवणारी. तिच्यावर जाऊ नका. त्यातल्या कितीतरी ऑर्डर भावापासून लांब पडलेल्या असतात आणि कधीही कॅन्सल होतात.

अजून एक. एकाच भावाला ज्याची ऑर्डर आधी त्याचा नंबर आधी. लिमिट लावून, म्हणजे आपला भाव ठरवून, थांबलात आणि मध्येच भाव बदललात की नव्या भावाच्या रांगेत शेवटी. ॲप मॉडिफाय करताना याबद्दल एक शब्द सांगत नाही, एक ओळ टाकायला काय हरकत आहे?

मी आता आधी डेप्थ उघडतो, मग लिमिट लावतो, बहुतेक वेळा बिड आणि आस्कच्या मध्ये कुठेतरी. कधी लागते, कधी दिवसभर पेंडिंग राहते, तेवढं चालतं मला. सध्या तीन स्टार देतोय, ऑर्डरच्या खिडकीत बिड-आस्क आणलं तर त्याच दिवशी पाच करीन.