उंटिणीच्या दुधाची पावडर : आठ महिने झाले, दही काही लागलं नाही

परवा पाचव्यांदा पातेलं बेसिनमध्ये ओतलं आणि ठरवलं, आता लिहायचंच. मुलीला गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी. उंटिणीच्या दुधात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन नसतं, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली आधी थोडंसं देऊन पाहिलं. तिला सोसलं. आठ महिने रोज पितेय, तक्रार नाही. तिचं झालं, आता माझं.

पाकिटावर छापलंय : ‘दूध, दही, मिठाई, सगळ्यासाठी’. मी कोमट करून लावलं, जरा गरम असताना लावलं, पावडर दुप्पट घातली, रात्रभर उबेला ठेवलं. सकाळी काय, तर आंबट पातळ पाणी आणि तळाशी चार कण. ग्राहक सेवेला फोन केला, तर पलीकडून उत्तर, “सर, तुमचं विरजण जुनं असेल.” त्याच विरजणाचं म्हशीचं दही शेजारच्या पातेल्यात सुरीने कापावं असं लागलं होतं! तीन फोन, दोन ईमेल झाल्यावर पाकीट बदलून दिलं. त्याचंही पाणीच.

शेवटी स्वतःच वाचायला बसलो आणि निम्मा राग उतरला. दह्याची गाठ धरायला कपा-केसीन लागतं, म्हणजे दुधातल्या केसीन नावाच्या प्रथिनाचा एक प्रकार. गाईच्या केसीनमध्ये ते साधारण १३ टक्के, उंटिणीच्या जेमतेम ३-४. म्हणजे विरजण अगदी उत्तम असलं तरी गाठ पडणार कुठून? चीजवाल्यांचीही हीच रड होती. वासराचं रेनेट, म्हणजे त्याच्या पोटातून मिळणारं दूध गोठवणारं द्रव्य, या दुधावर धड चालत नाही. उंटाच्याच कायमोसिनसारखं (कायमोसिन म्हणजे रेनेटमधला दूध गोठवणारा मुख्य घटक) एन्झाइम कारखान्यात तयार व्हायला लागलं तेव्हा कुठे त्यांचं काम सोपं झालं. फोनवरच्या माणसाला हे एका वाक्यात सांगता आलं असतं. पण नाही, माझ्या विरजणाला नावं ठेवायची!

किमतीबद्दलची कुरकुर मात्र थोडी मागे घेतो. सांडणी सुमारे १३ महिने गाभण. पिल्लू जवळ नसलं तर बहुतेक वेळा पान्हा सोडत नाही, आणि सोडला की दोन मिनिटांत धार काढून मोकळं व्हायचं. कच्छसारख्या भागात कळप चरत चरत लांब जातात, तिथून दूध गोळा करून गार करून डेअरीपर्यंत आणायचं. भारतात या दुधाचं मानकच मुळी २०१६ मध्ये आलं. शिवाय टेट्रापॅकसाठी दूध १४० अंशांच्या आसपास तापवावं लागतं, तिथे हे सहज टिकत नाही. म्हणून लांबच्या गिऱ्हाइकाला पावडर. पटलं.

न पटलेली गोष्ट म्हणजे ‘लॅक्टोज नाही’ असं विक्रेत्याने ठणकावून सांगणं. गाईच्या दुधात असतं जवळजवळ तेवढंच यातही असतं. मधुमेहावर रामबाण वगैरे तर सोडूनच द्या. माझ्या मते या धंद्याचं नाव दुधापेक्षा असल्या बोलण्यानेच जास्त खराब होतंय.

बाकी किरकोळ. गार पाण्यात गाठी होतात. आधी चमचाभर कोमट पाण्यात पेस्ट करा. चव किंचित खारट, आठवड्याभरात सवय होते.

कालच नवीन पाकीट आलं. हो, पुन्हा मागवलं, पण छोटं. ‘दही’ हा शब्द अजून आहे. फक्त अक्षर बारीक केलंय.