मशीनला लंगडायला शिकवलंय राव! जाको मारोंचा इलेक्ट्रो मालोया

आधीच सांगते, हा अल्बम मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका. मी तेच केलं आणि पहिली दहा मिनिटं वाटलं की कुणीतरी मिक्सरमध्ये खडे टाकलेत, आई आतून ओरडली काय बिघडलंय गं. मग हेडफोन लावले आणि खालचा ढोल ऐकू आला तेव्हा कळलं की मामला वेगळाच आहे.

मालोया म्हणजे रेयुनियों बेटावरचं लोकसंगीत, बेट मॉरिशसच्या शेजारी, अजून फ्रान्सकडेच आहे ते. उसाच्या मळ्यातल्या गुलामांचं आणि नंतरच्या मजुरांचं संगीत, क्रिओलमध्ये, म्हणजे तिथल्या मिसळलेल्या बोलीत, एकानं गायचं बाकीच्यांनी झेलायचं, आपल्याकडे भजनात झेलतात तसं. साठ-सत्तरच्या दशकात तिथल्या कम्युनिस्टांच्या सभांमधून वाजायचं म्हणून सरकारच्या डोळ्यात खुपायचं, 1981 नंतर जरा मोकळं झालं आणि 2009 ला थेट युनेस्कोच्या यादीत! वाद्यं बघाल तर रूलेर नावाचा पिंपासारखा ढोल, त्याच्यावर मांडी टाकून बसायचं आणि हातानं वाजवायचा, आणि कायांब, उसाच्या तुऱ्याच्या काड्यांची चपटी पेटी, आत बिया, दोन्ही हातांत धरून हलवायची की सुपात धान्य पाखडल्यासारखा आवाज येतो.

जाको मारों हा संगीतकार तिथलाच. त्याचा हा अल्बम युगांडातल्या कंपालाच्या न्येगे न्येगे टेप्स या म्युझिक कंपनीनं 2018 मध्ये काढला, नावातच 'एक्सपेरिमेंट्स' आहे. ढोलाचं काम ड्रम मशीनकडे, बाकी सगळं मॉड्युलर सिंथ, म्हणजे सुटे भाग वायरींनी जोडून आवाज काढायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र. आता मला भीती होती ती आपल्या डीजेवाल्यांची. म्हणजे कोळीगीत घ्यायचं, त्याचा तो होडी हलल्यासारखा सहाचा ठेका इस्त्री करून सरळ करायचा आणि खाली धप धप धप धप चार टाकायचे, झालं रिमिक्स. हा माणूस ते करतच नाही. मालोयाचा ठेका पण सहाचाच, पायानं दोन मोजा नाहीतर हातानं तीन, दोन्ही बरोबर, आणि ती जी मधली ओढाताण आहे ना तीच त्यानं मशीनकडून वाजवून घेतलीय. सिंथ वर टुंयटुंय करत राहतो, तारेचा संदेश यावा तसा, आणि कायांबच्या जागी खरखर येते ती बियांची नाही हे कळतं पण खांदे मात्र हलतात.

माझा मामेभाऊ ढोलकी वाजवतो, त्याला म्हटलं वाजव सोबत. दादऱ्याच्या अंगानं छान सुरू झाला, दोनेक मिनिटं मस्त जमलं, मग सिंथनं कुठेतरी जोर हलवला आणि हा समेवर आला तर तिकडे समच नाही. शिवी घातली आणि म्हणाला परत लाव. चार वेळा लावायला लागलं.

आता न आवडलेलं. गळा नाही हो. मालोयातलं झेलणं, ते गाण्यातलं दुखणं, इथे जवळपास गेलंय आणि सलग ऐकलं तर अर्ध्यावर कान कोरडा पडतो, दोन-तीन ट्रॅक एकमेकांचे भाऊ वाटतात. त्यामुळे मालोया पहिल्यांदाच ऐकणार असाल तर इथून सुरुवात करू नका, आधी तिथलाच मालोया गायक दानियेल वारो ऐका, तो नुसता ढोल-कायांब घेऊन गातो, वाद्यंही स्वतः बनवतो, आणि मग हा लावा म्हणजे जाकोनं काय ठेवलं काय उडवलं ते ऐकू येईल. मी उलट्या क्रमानं गेले, थोडी मजा गेलीच.

पाचपैकी चार. लोकलमध्ये फक्त लावू नका, रुळांचा खडखडाट त्यात इतका मिसळतो की माझं स्टेशन गेलं.