भाड्याची व्हीलचेअर, ठाणे ते गणपतीपुळे

दुकान नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत. वॉकर, कमोड खुर्च्या, हॉस्पिटलचे पलंग, ऑक्सिजनची मशिनं, सगळं भाड्याने देतात. दुपारी एक ते चार शटर खाली. पुण्याला नावं ठेवणाऱ्या ठाणेकरांनी नोंद घ्यावी.

आधी चांगलं ते सांगते. मी "व्हीलचेअर हवीय" म्हटल्यावर काउंटरवरच्या काकांनी लगेच खुर्ची काढली नाही. आजी स्वतः चाकं फिरवणार का? गाडीतून जाणार की ट्रेनने? उतराल तिथल्या बाथरूमचं दार किती रुंद? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे होती. सासूबाई ८३ वर्षांच्या, घरात वॉकरवर फिरतात, पण सोसायटीच्या गेटपर्यंत गेल्या की गुडघे बोलायला लागतात. चाकं फिरवण्याचा प्रश्नच नव्हता. तिसऱ्यासाठी तिथूनच हॉटेलला फोन लावला. मॅनेजरने टेप लावून दाराचा फोटो पाठवला, पुरते दोन फूट.

म्हणून मोठ्या चाकांची, दवाखान्यात असते ती खुर्ची बाद. बाजूची चाकं आणि ती हाताने फिरवायच्या बाहेरच्या कड्या धरून तिची रुंदी त्या दारात मावलीच नसती, शिवाय वजन अठरा किलोच्या आसपास. आम्ही घेतली ती ट्रान्झिट खुर्ची: चारही चाकं छोटी, ढकलणाऱ्याच्या हाताशी ब्रेक, अॅल्युमिनियमची, साधारण अकरा किलो, बाहेरून बाहेर साडेबावीस इंच. घडी घालून इनोव्हाच्या डिकीत बॅगांवर आडवी राहते. भाडं आठवड्याला ₹७००, डिपॉझिट ₹४,०००. काकांनी मलाच खुर्चीत बसवून दुकानाच्या रॅम्पवर फिरवलं. उतारावर खुर्ची उलटी घ्यायची, म्हणजे आपण आधी उतरायचं आणि बसलेल्याची पाठ उताराकडे ठेवायची, हे तेव्हा कळलं. सरळ उतरवली तर माणूस पुढे घसरतो.

आम्ही नऊ जण, धाकटी नात चार वर्षांची. ठाण्याहून वंदे भारतने रत्नागिरी. स्टेशनवर रेल्वेचीही व्हीलचेअर मिळते, पण ती फलाटापुरती. आमच्या डब्यात मात्र आपली खुर्चीही उघडी नेता आली नाही. चेअर कारमध्ये एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन सीट, मधली वाट जेमतेम एका माणसाची. दारातच घडी घालावी लागते. आमच्या सीट डब्याच्या मध्यावर आल्या होत्या. दाराजवळच्या एका काकूंनी आपणहून जागा बदलून दिली म्हणून निभावलं. गाडी थांबते थोडा वेळ आणि दारं आपोआप बंद होतात, त्यामुळे आधी आई, मग खुर्ची, मग मुलं आणि शेवटी बॅगा असा क्रम घरीच ठरवून ठेवला होता. (ज्येष्ठांची तिकिटातली सवलत २०२० च्या मार्चमध्ये काढली ती काढलीच, तेव्हा त्या हिशेबात राहू नका.)

आईंचा सुरुवातीला ठाम नकार. "मी काय पेशंट आहे? ओळखीचं कुणी भेटलं तर?" ठाणे स्टेशनात त्यांनी खुर्चीवर लाडवांचा डबा ठेवला आणि स्वतःच ती ढकलत निघाल्या. दिसायला गोड, पण धोक्याचं. रिकाम्या खुर्चीच्या हँडलवर भार टाकला की ती मागे कलंडते, वॉकरसारखी टेकून चालायची वस्तू नव्हे ती. हे दुकानात कुणी सांगितलं नव्हतं, सांगायला हवं होतं. वन्संनी वेळीच हात धरला.

गणपतीपुळ्याला टेकडीच देवाचं रूप मानतात, म्हणून प्रदक्षिणा अख्ख्या टेकडीला, साधारण किलोमीटरभर. छोटी चाकं फरशीच्या सांध्यात अडकतात. पुढची चाकं जरा उचलून न्यावी लागतात आणि चढावर दोघं लागतात. भाऊजींनी आणि माझ्या लेकाने आळीपाळीने ढकललं. थोडं गेल्यावर आईच म्हणाल्या, "पुरे, बाकीची तुम्ही घाला माझ्या वाटची." वाळूत तर ही खुर्ची एक इंच हलत नाही, तिथे नेऊच नका.

आता तक्रार. उजव्या पायपट्टीचा खटका पहिल्यापासून सैल होता. रत्नागिरीला उतरताना पट्टी निखळून फलाटावर पडली आणि पुढचा सगळा प्रवास तिने परकराच्या नाडीवर काढला. परत करताना हे दाखवलं तर काउंटरवरचा दुसरा माणूस म्हणाला, "वापरात होतं असं." वर चाकात वाळू आहे म्हणून सफाईचे ₹२०० डिपॉझिटमधून कापले. पावतीवर सफाईचा शब्द नाही. वाद घातला, शंभर परत आले.

तरी पाचात साडेतीन तारे देईन, त्यातले तीन त्या काकांचे. घेताना दोन्ही पायपट्ट्या काढून-लावून बघा, ब्रेक ओढून बघा, फोटो काढा आणि काय काय कापणार ते पावतीवर लिहून घ्या. ट्रान्झिट खुर्च्या त्यांच्याकडे दोनच आहेत, मे आणि दिवाळीसाठी आठवडाभर आधी सांगावं लागतं. काका सकाळी असतात.