जुन्या घराचा विमा: पाण्याच्या बाबतीत एचओ-३ बरी की एचओ-८?

अमेरिकेत जुनं घर घेणाऱ्यापुढे विम्याचे साधारण दोन रस्ते असतात. एक नेहमीची एचओ-३ (एचओ म्हणजे होमओनर्स, घरमालकाची पॉलिसी; आकडा तिचा प्रकार सांगतो). ती द्यायला कंपनी कां-कूं करू लागली, तर दुसरी एचओ-८. ही खास जुन्या घरांसाठीच आखलेली आहे: प्लास्टरच्या भिंती, कोरीव लाकूडकाम वगैरे जसंच्या तसं पुन्हा उभारायचा खर्च जिथे घराच्या बाजारभावाहून जास्त होतो, अशी घरं. ऐकायला अगदी आपल्यासाठीच शिवल्यासारखी वाटते. पाण्याच्या बाबतीत मात्र ती फार तोकडी आहे.

एचओ-३ मध्ये वास्तूपुरतं गणित असं की जे स्पष्टपणे वगळलेलं नाही, ते सगळं धरलेलं. (घरातल्या सामानाला मात्र नावानिशी दिलेली यादी लागू होते.) एचओ-८ मध्ये वास्तूलाही यादीच, आणि मूळ मसुद्यात तिच्यात जेमतेम दहा संकटं: आग-वीज, वारा-गारा, स्फोट, दंगल, विमान, वाहन, धूर, नासधूस, चोरी आणि ज्वालामुखी. ज्वालामुखी आहे, फुटलेला पाइप नाही! जुन्या घराला यातलं कोणतं संकट आधी गाठेल, हे सांगायला ज्योतिषी नको. १९६० च्या आधीच्या घरांत गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पाइप असतात, ते आतून गंजत जातात. १९७८ ते १९९५ या काळात बसवलेले राखाडी पॉलिब्युटिलीनचे पाइप तर पाण्यातल्या क्लोरीननेच ठिसूळ होतात.

म्हणून एचओ-३ मिळत असेल, तर हप्ता जास्त पडला तरी तीच घ्यावी, असं माझं मत. हप्ता झेपत नसेल तर डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण स्वतः सोसायचा वाटा, वाढवा, पण पॉलिसीचा प्रकार उतरवू नका.

अर्थात एचओ-३ घेतली म्हणजे सगळं पाणी भरून निघालं असं नाही. तिच्यात सगळा खेळ ‘अचानक’ या शब्दाचा. रात्रीत पाइप फुटून खालच्या खोलीचं छत कोसळलं, तर छताचे पैसे मिळतात. पाइपापर्यंत पोहोचायला भिंत फोडावी लागली तर तो खर्चही सहसा मिळतो. गंजलेला पाइप मात्र तुमचा तुम्ही बदलायचा. वरच्या बाथरूमखालच्या छतावर तपकिरी डाग असेल तर तो नीट पाहा. एकच फिकट वर्तुळ वेगळं आणि एकात एक चार-पाच कडा वेगळ्या. प्रत्येक कड म्हणजे एकदा ओलं होऊन वाळलेलं छत. क्लेम बघायला येणारा ॲडजस्टर आधी तेच बघतो, आणि कित्येक आठवडे झिरपत असलेलं पाणी बहुतेक कंपन्या ‘देखभालीत हयगय’ म्हणून नाकारतात. थंडीत पाइप गोठून फुटला तरी घर तापतं ठेवलं होतं का, की पाणी बंद करून पाइप रिकामे केले होते, हे विचारलं जातंच.

गटाराचं पाणी उलटं घरात येणं आणि पूर, हे दोन्ही मूळ पॉलिसीत नसतं. पहिल्यासाठी ‘वॉटर बॅकअप’ची वेगळी जोड मिळते. जुन्या घराची सांडपाण्याची नळी मातीची असेल आणि अंगणात मोठं झाड असेल, तर मुळं तिच्यात शिरतातच. ही जोड विनाचर्चा घ्या. रक्कम किती आहे तेवढं विचारा, कारण ती फार लहान ठेवलेली असू शकते. पुरासाठी १९६८ पासूनची सरकारी योजना, एनएफआयपी: घराला कमाल २,५०,००० डॉलर, सामानाला १,००,०००. ती साधारणपणे ३० दिवसांनी लागू होते, त्यामुळे वादळाची बातमी ऐकून धावण्यात अर्थ नाही. तळघराला तिच्यात फारच थोडं संरक्षण आहे.

भरपाई कशी मोजणार, हेही बघाच. घसारा वजा करून मिळणार असेल, तर जुन्या छपराच्या वाट्याला किरकोळ रक्कम येते.

आणि एचओ-८ शिवाय दुसरं काही मिळतच नसेल तर? घ्या, पण हप्त्यात वाचलेले पैसे पाइप बदलायला बाजूला काढा. प्लंबरचं बिल आणि कामाचे फोटो जपून ठेवा. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी तेच पुढे करून एचओ-३ मागता येते.