डीबीव्हेरिफाय: काही महिन्यांच्या वापरानंतर

ओरॅकल डेटाबेसच्या डेटाफाइलींमध्ये (डेटा साठवणाऱ्या फाइलींमध्ये) ब्लॉक, म्हणजे त्या फाइलींचे ठरावीक आकाराचे तुकडे, खराब झालेले नाहीत ना, हे तपासण्यासाठी गेले काही महिने मी डीबीव्हेरिफाय, म्हणजेच कमांड लाइनवरचे 'डीबीव्ही', नियमित वापरत आहे. डेटाबेस चालू असो वा बंद, हे साधन फाइल थेट वाचते आणि तिच्यात काहीही बदल करत नाही. त्यामुळे बॅकअप म्हणून काढलेली डेटाफाइलची प्रत, ती रिस्टोअर करण्याची वेळ येण्यापूर्वीच, दुसऱ्या मशीनवर तपासून घेता येते. माझ्या मते याचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे. मात्र आरमॅन या ओरॅकलच्याच बॅकअप साधनाने स्वतःच्या स्वरूपात तयार केलेले बॅकअप पीस याला वाचता येत नाहीत.

ब्लॉकचा आकार सांगितला नाही, तर ते 8192 बाइट गृहीत धरते. फाइलमधील ब्लॉकचा आकार वेगळा असल्यास त्रुटीच्या संदेशातच खरा आकार कळतो, त्यामुळे तेथे फारसे अडत नाही.

खरी काळजी अहवाल वाचताना घ्यावी लागते. चालू डेटाबेसवर एखादा ब्लॉक लिहिला जात असतानाच वाचला गेला, तर डीबीव्ही तो पुन्हा वाचून पाहते, आणि तरीही सुसंगत प्रत मिळाली नाही तर त्याची नोंद 'इन्फ्लक्स' या सदरात करते. अशा नोंदीवरून लगेच फाइल खराब ठरवू नये. 'स्टार्ट' आणि 'एंड' या पर्यायांत पहिला व शेवटचा ब्लॉक क्रमांक देऊन तेवढाच भाग पुन्हा तपासावा. अहवालातील 'मार्क्ड करप्ट', म्हणजे खराब ठरलेल्या ब्लॉकची, संख्या शून्याहून अधिक असेल, तर मात्र फाइल आणि ब्लॉक क्रमांकावरून 'डीबीए_एक्स्टेंट्स' या डेटाबेसमधील यादीत तो ब्लॉक कोणत्या टेबलाचा किंवा इंडेक्सचा (शोध वेगवान करणाऱ्या सूचीचा) आहे हे आधी शोधावे. इंडेक्सचा असेल तर तो पुन्हा बांधता येतो. टेबलाचा असेल तर प्रश्न गंभीर असतो. आणि तो मोकळ्या जागेतला निघाला, तर त्यात कोणाचाही डेटा गेलेला नसतो. डीबीव्ही रिकामे ब्लॉकही तपासत असल्यामुळे ही तिसरी शक्यता विसरू नये.

टेबल आणि इंडेक्स यांतील नोंदी परस्परांशी जुळतात की नाही, हे ते पाहत नाही. त्यासाठी 'ॲनलाइझ टेबल' या आज्ञेला 'व्हॅलिडेट स्ट्रक्चर कॅस्केड' जोडून चालवावे लागते. डेटाबेसची रचना नोंदवणारी कंट्रोल फाइल आणि बदलांची नोंद ठेवणारे रीडू लॉगही त्याच्या कक्षेबाहेर राहतात.

चालू डेटाबेसच्या रोजच्या तपासणीसाठी मी आरमॅनचे 'व्हॅलिडेट' अधिक योग्य मानतो, कारण त्याला सापडलेले खराब ब्लॉक 'व्ही$डेटाबेस_ब्लॉक_करप्शन'मध्ये नोंदले जातात आणि त्याच यादीवरून ब्लॉक रिकव्हरी, म्हणजे फक्त खराब ब्लॉकांची दुरुस्ती, करता येते. डीबीव्ही दोष दाखवून थांबते.