मनोरीत गळ टाकायला जाताय? आधी तिथी बघा

होळीनंतरच्या शनिवार-रविवारी मनोरीच्या एका घरगुती होमस्टेत राहून आलो. मी, नवरा आणि बारा वर्षांची मुलगी. पॅकेजचं नाव ‘फिशिंग अँड बीच वॉक’, माणशी १८०० रुपये. त्यात एक रात्र, तीन वेळचं खाणं, गळ, चारा आणि होडी. होमस्टेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण खाली तक्रारी आहेत आणि माणसं चांगली आहेत.

जायला सोपं आहे. मालाड स्टेशनहून २७२ नंबरची बस मार्व्याला सोडते, तिथून फेरीबोटीने खाडी ओलांडायची. पाच-सात मिनिटांचं पाणी, पण बोटीत माणसांबरोबर स्कूटरही चढतात. पलीकडे उतरल्यावरही आपण मुंबई महापालिकेच्याच हद्दीत आहोत, हे मुलीला शेवटपर्यंत पटलं नाही.

खोली स्वच्छ. डास भरपूर, कॉइल मागितली की मिळते. खोलीबद्दल एवढं पुरे.

आता मासेमारी. माझे बाबा रेवदंड्याचे. गिरगावात राहायला आल्यावरही रविवारी तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) गुंडाळलेली बाटली आणि शिशाचे दोन तुकडे पिशवीत टाकून निघायचे, आणि त्याआधी न चुकता कालनिर्णय बघायचे. मुहूर्तासाठी नाही. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, की भरती किती वाजता ते कळतं. अष्टमी असेल तर सहा वाजता, द्वादशी असेल तर नऊ. थोडंफार इकडेतिकडे होतं, पण गळ टाकणाऱ्याला तेवढं चालतं. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्याचंच हे गणित. हे मला पाठ आहे, आणि तरीही बुकिंग करताना मी फक्त वार बघितला. त्यामुळे पुढे जे झालं त्यातली अर्धी चूक माझी.

रविवारी होती फाल्गुन वद्य द्वितीया. दोन गुणिले पाऊण, म्हणजे भरती दीडला. म्हणजेच सकाळी सव्वासातच्या सुमारास पूर्ण ओहोटी, आणि पौर्णिमा नुकतीच झालेली, म्हणून उधाणाची. उधाणात मुंबईचं पाणी चार मीटरहून जास्त वरखाली होतं. आमच्या पॅकेजमध्ये मासेमारी होती सकाळी सात ते साडेनऊ.

खाडीवर गेलो तर होडी चिखलात कुशीवर लवंडलेली. सभोवती निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) टुणटुण उड्या मारतायत. होमस्टेचा तरुण मालक खाली बघत म्हणाला, “थोडं थांबू या, पाणी येईल.” नवऱ्याने ऑनलाइन मागवलेला नवा रॉड घट्ट धरलेला. (चार हजारांचा. त्यावर वेगळं लिहावं लागेल.) तेवढ्यात मालकाची मावशी मागून आली. पदर खोचलेला, हातात कोयती. तिने होडीकडे पाहिलं, भाच्याकडे पाहिलं. “आज बीज हाय. पानी दीडला भरल. सातला कसला गळ टाकतंय?” आणि आम्हाला म्हणाली, चला, तोवर बीच दाखवते.

बीच वॉक खरं तर संध्याकाळी पाचला होता. भरतीनंतर जेमतेम साडेतीन तासांनी, म्हणजे अर्धी वाळू अजून पाण्याखाली. ओहोटीच्या चुकीने तो सकाळी सातला झाला, आणि माझे १८०० रुपये तिथेच वसूल झाले.

समुद्र इतका आत गेलेला की लाटांचा आवाजही लांबून येत होता. ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी, मधल्या भोकापासून चहूबाजूंना पसरत गेलेली. हे बोटाच्या नखाएवढ्या खेकड्याचं काम. तो वाळू तोंडात घेतो, त्यातलं खाण्याजोगं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतो. पुढची भरती आली की सगळं पुसलं जातं. मुलगी उकिडवी बसून एकाच भोकाकडे बघत राहिली. तो बाहेर आला, चार गोळ्या टाकल्या, तिची सावली हलली तसा आत पळाला. दहा मिनिटं आम्ही तिथून हललो नाही. घरी हीच मुलगी दहा मिनिटांत तीन वेळा मोबाइल उघडते.

पुढे वाळूचीच बनवलेली, शर्टाच्या कॉलरसारखी वळलेली एक पट्टी दिसली. मला वाटलं प्लास्टिक. उचलणार तोच मावशीने हात धरला. ती एका शंखवाल्या गोगलगायीची अंडी. वाळू आणि चिकट स्राव यांच्या थरात अंडी घालून ती अशी कॉलर करून ठेवते. सुकली की हातात भुगा होतो, पण ओली असताना आत अंडी असतात, म्हणून हात लावायचा नाही. मी आजवर अशा किती कॉलरी कचरा समजून लाथाडल्या असतील देव जाणे. मावशी मात्र बोलता बोलता वाळूतली जोडभोकं ओळखून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढत होती. दोन बोटं घालायची, शिंपली बाहेर. ओंजळभर झाल्यावर थांबली. बारक्या परत टाकल्या.

आता कचरा. भरतीने आणून टाकलेली लांबच लांब रेघ: दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, गुटख्याची पाकिटं, एक चप्पल, हारांचे दोरे. एक शंखातला खेकडा शंखाऐवजी बाटलीचं बूच पाठीवर घेऊन चालला होता. मुलीला ते गोड वाटलं. मला नाही वाटलं. जाहिरातीत ‘स्वच्छ, निर्मनुष्य किनारा’ लिहिलंय, त्यातलं निर्मनुष्य तेवढं खरं.

साडेदहाला पाणी चढलं, होडी उठली. पॅकेजची वेळ संपली होती, पण मालकाने एक शब्द न बोलता नेलं. ह्याचे त्याला पूर्ण गुण. सामानाचे मात्र कमी. त्यांचे रॉड गंजलेले, एकाच्या रीलमध्ये तंगुसाचा असा गुंता की तो सोडवण्यातच वीस मिनिटं गेली. गळ खाडीतल्या माशांना फार मोठे. चारा म्हणून फ्रीजरमधली कोळंबी, जी पाण्यात पडताच सैल होऊन निघून जात होती. मी बाबांची बाटली काढली, बारीक गळ बांधला आणि मावशीने दिलेली तिसरी लावली. पहिला ढोमा, वीतभर. मग दुसरा. नवऱ्याचा चार हजारांचा रॉड वाकला तो एका शिंगाळ्याने.

शिंगाळा पाण्याबाहेर काढला की करकर आवाज करतो, आणि त्याच्या पाठीवर एक व कल्ल्यांमागे दोन असे तीन विषारी काटे असतात. नवऱ्याने त्याला ढोम्यासारखा मुठीत धरला. काटा अंगठ्यात. कोपरापर्यंत ठणका, चेहरा पांढरा. होडीत प्रथमोपचाराची पेटी नाही, साधी पट्टीही नाही. ही या ठिकाणाची सगळ्यात मोठी उणीव, आणि ती मी मालकाला तोंडावर सांगितली. किनाऱ्यावर येताच मावशीने सोसवेल इतक्या गरम पाण्याची बादली पुढे ठेवली: हात बुडव, गार झालं की बदल. उष्णतेने हे विष निकामी होतं. अर्ध्या-पाऊण तासात ठणका उतरला. सोमवारी डॉक्टरकडे जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं.

जेवण उत्तम. बॉटल मसाल्यातलं कोळंबीचं कालवण, ईस्ट इंडियन (मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती) घरांतल्या त्या गरम फुग्या, म्हणजे तळलेले गोल पाव, आमचे दोन ढोमे तळून. शिंगाळ्याचं आंबट नवऱ्याने डाव्या हाताने दोनदा वाढून घेतलं.

निघताना मालकाला म्हटलं, बुकिंगच्या मेसेजमध्ये तारखेपुढे भरतीची वेळ टाका आणि त्याप्रमाणे गळ आणि बीच यांची अदलाबदल करा. तो म्हणाला, लोक शनिवार-रविवारच मागतात. मावशी आतून ओरडली, “मंग शनवारला पानी लवकर बोलव!”

पाचपैकी साडेतीन. पेटी ठेवली आणि गळ बदलले तर साडेचार.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, तेव्हा पावसाळ्यात होडीची आशा धरू नका. आम्हाला परत जायचंय ते त्याआधी. सकाळी सातला चढतं पाणी हवं तर द्वादशी नाहीतर त्रयोदशी पाहिजे. चैत्र शुद्ध त्रयोदशीला सुट्टी आहे, पण ती महावीर जयंतीची. त्या दिवशी मासे घेऊन जिना चढताना समोरच्या शहाकाकू भेटल्या तर मला त्यांच्याकडे बघवणार नाही. म्हणून द्वादशी. भरती नऊची. पोस्टातल्या साहेबांकडे रजेचा अर्ज दिलाय, कारण लिहिलंय ‘घरगुती काम’.